नखाएवढ्या कार्डातला वीस व्होल्टचा पंप

मुदखेड जंक्शनच्या फलाटावर आम्ही नांदेडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या मावशींनी पदराच्या गाठीतून मोबाइलचे मेमरी कार्ड काढले. त्यात भीमगीते होती, आणि वारलेल्या यजमानांनी घरात म्हटलेले एक गाणेही. "भाऊ, ह्यात ना सेल, ना वायर. मग आवाज राहतो कुठं?" त्यांनी विचारले.

प्रश्न मोलाचा आहे. कार्डात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. आवाज भरायचा म्हणजे वीज अडवणाऱ्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन कप्प्यात ढकलायचे. मोबाइल बंद केला तरी ते तिथेच अडकून राहतात. पण ढकलायला सुमारे २० व्होल्टचा दाब लागतो, आणि कार्डाला मिळतात साधारण ३.३ व्होल्ट. उरलेला दाब येतो कुठून?

बांधकामावर आपली माणसे शिडीवर ओळीने उभी राहतात आणि खालचा वरच्याच्या हाती घमेले देतो. कार्डातल्या चिपमध्येही तसेच चालते. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारी चिमुकली डबी. पहिली डबी भरायची, तिचा दाब वर उचलायचा आणि वीज पुढच्या डबीत ओतायची. पायरीपायरीने दाब वाढत जातो. १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अशाच शिडीने प्रचंड दाब मिळवून अणू फोडला. त्यांचे यंत्र माणसाहून उंच होते. चिपमध्ये मावणारी रचना जॉन डिक्सन यांनी १९७६ साली मांडली.

फुकट मात्र काही मिळत नाही. दाब सहापट केला की प्रवाह सहाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. घमेले देताना थोडी वाळू सांडतेच.

मोबाइलमध्ये याच्या उलटही करावे लागते. बॅटरी ३.७ व्होल्टची, पण हिशेब करणाऱ्या मुख्य चिपला लागतो सुमारे १ व्होल्ट. जुन्या साध्या पद्धतीने दाब उतरवला, तर रुपयातले सत्तावीस पैसेच कामी येतात. बाकीची उष्णता होऊन जाते. वीज कॉइलमध्ये किंवा डब्यांमध्ये साठवून, भराभर चालू-बंद करत दिली, तर ऐंशी-नव्वद पैसे कामी येतात. हे सारे चिपच्या आत बसवणे अवघड, कारण तिथे डब्यांना जागा थोडी. तरी त्यासाठी धडपड चालू आहे. लाइट गेलेल्या रात्री मोबाइलवर अभ्यास करणाऱ्या मुलीला त्यातूनच आणखी तासभर मिळतो.

मावशींना आम्ही एवढेच सांगितले : प्रत्येक वेळी गाणी पुसून नवी भरताना त्या जोराच्या दाबाने थर झिजतो. भरणे चालू असताना कार्ड ओढून काढू नका. वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तरी इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपून जातात. यजमानांचा आवाज आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवा.

गाडी आली. मावशींनी कार्ड पुन्हा गाठीत बांधले. "आजच पोराला सांगते," त्या म्हणाल्या.

वाचकहो, तुमच्या घरातही असा एखादा आवाज असेल. आज त्याची नक्कल करून ठेवा.