इमारत पाडण्याआधी गटाराकडे पाहावे

मुंबई-वसई पट्ट्यात आपल्या अनेक धर्मग्रामांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. पाडकामात धूळ बसविण्यासाठी पाणी मारावेच लागते. धुळीची तक्रार होते. पाण्याबरोबर वाहणारा सिमेंट-चुन्याचा गाळ मात्र कोणाला दिसत नाही. तो पर्जन्यवाहिनीत साचला की पावसाळ्यात शेजारच्या तळमजल्यात पाणी शिरते. म्हणून ते पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यावे. इमारतीची मलवाहिनीची जोडणीही पाडकामापूर्वीच पक्की बुजवावी, अन्यथा राडारोडा आत जातो.

आम्हांला अधिक चिंता वाटते ती जुन्या शौचटाकीची. तिच्यातील विषारी वायू क्षणात प्राण घेतो. पुरेशा संरक्षक साधनांविना माणसाला सफाईसाठी आत उतरविणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी यंत्रानेच उपसली जाईल, ही अट गृहनिर्माण संस्थेने कंत्राटदाराच्या करारातच लिहून घ्यावी.