मालदीव आणि ‘एकटी काय करणार?’

‘मालदीवला? आणि एकटी? तिथे एकटीने करायचं तरी काय?’

मावशी विचारते, ऑफिसातल्या विचारतात. लोकांना फिरवणं हाच ज्याचा धंदा, तो ट्रॅव्हल एजंटसुद्धा विचारतो. वर समजूत काढतो, ‘मॅडम, ते कपल डेस्टिनेशन आहे, सिंगलचं पॅकेज बसत नाही. बालीचं बघू का?’ बाली बघायची असती तर बालीचंच विचारलं असतं ना!

या सगळ्यांच्या मनातलं मालदीव एकच. पाण्यात खांबांवर उभी खोली, थेट समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, न्याहारीचं तरंगतं तबक आणि तबकापलीकडे नवा नवरा. एका रात्रीचं भाडं ऐकून आपल्या मध्यमवर्गीय पोटात गोळा यावा. असं मालदीव आहे, नाही कोण म्हणतं? पण देशात त्याखेरीज काही नाही, हा समज आला कुठून ते पाहिलं पाहिजे, कारण एके काळी तो जवळजवळ खरा होता आणि सरकारनेच तो खरा ठेवला होता.

मालदीवचं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये विहामनाफुशी नावाच्या निर्जन बेटावर सुरू झालं. पुढे धोरणच ठरलं: एक बेट, एक रिसॉर्ट. पाहुण्यांनी निर्जन बेटांवर राहायचं, मालदीवच्या माणसांनी आपापल्या गावाच्या बेटांवर. डॉलर देशात यावेत, पण दारू, डुकराचं मांस आणि तोकडे कपडे मुसलमान वस्तीत येऊ नयेत, असा हा सरळ हिशेब होता. वस्तीच्या बेटावर परक्या माणसाला रात्र काढायची तर परवानगी काढावी लागे. म्हणजे पर्यटकाला रिसॉर्टशिवाय फारसा पर्यायच नव्हता. रिसॉर्ट महाग, आणि एवढा खर्च माणूस एकदाच करतो तो लग्नानंतर. जाहिराती त्याच निघाल्या, सिनेमातली गाणी तशीच झाली आणि चित्र डोक्यात पक्कं बसलं.

२००९ मध्ये नियम बदलला. वस्तीच्या बेटांवर स्थानिक लोकांना गेस्टहाउस चालवायची मुभा मिळाली. आज अशी गेस्टहाउस कितीतरी बेटांवर शेकड्यांनी आहेत: माफुशी, धिगुरा, उकुल्हास, गुल्ही, आणि कलिंगडं-पपयांच्या शेतीसाठी देशभर ओळखलं जाणारं थोड्डू. नियम बदलून दीड दशक उलटून गेलं, आमचे एजंट मात्र अजून जुनाच कॅटलॉग उघडून बसलेत. कारणही उघड आहे, पन्नास डॉलरच्या खोलीवर कमिशन ते काय सुटणार!

गेस्टहाउसची खोली साधारण चाळीस-पन्नास डॉलरपासून मिळते. राजधानी मालेहून माफुशीला सरकारी फेरीने दीड-दोन तास लागतात आणि भाडं दोन-चार डॉलर. स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात पोचवते, पण वीस-पंचवीस डॉलर घेते. फेरीत शेजारी दप्तर घेतलेली शाळकरी मुलं असतात, पायाशी तांदळाची पोती आणि अंड्यांचे ट्रे. अंडीसुद्धा बोटीनेच यायची, दुसरी वाट नाही. शुक्रवारी बहुतेक सरकारी फेऱ्या बंद असतात, तेव्हा परतीचं विमान शुक्रवारचं असेल तर स्पीडबोटीचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

एकट्या माणसाला काही गोष्टी महाग पडतात, तेही सांगून टाकते. खोलीचं भाडं खोलीवर असतं, डोक्यावर नाही, त्यामुळे वाटून घ्यायला कोणी नसलं की सगळं आपल्यालाच. डॉल्फिन बघायची, वाळूच्या दांड्यावर जायची बोट तीन-चार नावं जमल्याशिवाय सुटत नाही. पण माफुशीसारख्या गजबजलेल्या बेटावर संध्याकाळी गेस्टहाउसच्या फळ्यावर नाव लिहून ठेवलं की सकाळपर्यंत सहसा नावं जमतात. आणि नेटवर दिसणाऱ्या भाड्यावर भाळू नये. त्यावर कर आणि सेवाशुल्क चढतं, शिवाय हरितकर वेगळा. १ जानेवारी २०२५ पासून तो दुप्पट झाला. वस्तीच्या बेटावरच्या लहान गेस्टहाउसात माणशी रात्रीला ६ डॉलर, रिसॉर्टमध्ये १२.

‘एकट्या बाईला व्हिसा देतात का?’ देतात. बाई एकटी आहे की सहकुटुंब, हे कोणी विचारत नाही. व्हिसा आधी काढावा लागत नाही, विमानतळावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवता आली पाहिजे, आणि विमानाच्या आधीच्या ९६ तासांत सरकारी ‘इमुगा’ फॉर्म भरलेला हवा. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे.

‘मग बिकिनी घालायची की बुरखा?’ दोन्हींची सक्ती नाही. बहुतेक पर्यटकी बेटांवर आडोसा केलेला एक ‘बिकिनी बीच’ असतो, तिथे हवं ते घाला. गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं. दारू वस्तीच्या बेटांवर मिळत नाही. बॅगेतून नेलीत तर कस्टम्स ठेवून घेतं. आणि एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही: पूजेच्या मूर्ती देशात न्यायला बंदी आहे. प्रवासात सोबत असू दे म्हणून पर्समध्ये ठेवलेला बोटभर गणपती घरीच देवघरात ठेवून जावा.

आता खरी काळजी कसली करायची ते सांगते, कारण ती कोणीच करत नाही. ‘तिथला समुद्र म्हणजे स्विमिंग पूलच, लाटासुद्धा नाहीत!’ हे वाक्य ऐकलं की माझा जीव वरखाली होतो. मालदीवची बेटं प्रवाळाच्या कड्यांवर बसलेली आहेत. कड्याच्या आत उथळ, निवांत पाणी, बाहेर खोल हिंदी महासागर, आणि दोघांना जोडणाऱ्या खिंडी. भरती-ओहोटीचं सगळं पाणी या खिंडींतून आत-बाहेर करतं. वर लाट दिसत नाही, ओढ मात्र जबरदस्त असते. गणपतीपुळ्याच्या खवळलेल्या पाण्याला आपण भितो, ते बरंच आहे. इथे पाणी काही इशारा देत नाही. मास्क लावून खालचे मासे बघत तरंगणाऱ्याला आपण सरकतोय हे कळतच नाही, आणि डोकं वर काढावं तर किनारा लांब राहिलेला. तिथे दरवर्षी स्नॉर्केलिंग करताना पर्यटक दगावतात. जोडीला कोणी असलं तर हाक तरी मारतं. एकटीने जाणारीने आपल्या आपण प्रवाळकड्याच्या काठावर पोहायला जाऊ नये. लाइफ जॅकेट घालावं, गाइड किंवा बोट जवळ असावी, आणि आज पाणी कुठल्या बाजूला ओढतंय हे गेस्टहाउसवाल्याला विचारूनच उतरावं. ओढीत सापडलंच तर तिच्याशी झुंजत दमायचं नाही. तरंगत राहायचं आणि हात वर करून बोट बोलवायची. ‘एकटी काय करणार?’ असं विचारणाऱ्या मावशीने खरं तर हे विचारायला हवं होतं.

बाकीचे समज भराभर उरकते. मे ते ऑक्टोबर पावसाळा म्हणून जाऊ नये? सरी येतात, वारा असतो, समुद्र कधी खवळतो, पण दिवसचे दिवस कोरडेही जातात. शिवाय बा प्रवाळद्वीपातल्या हानिफारू उपसागरात प्लवक साचून मांटा रे गोळा होतात ते याच मोसमात. शाकाहाऱ्याचे हाल होतात? पोटभर मिळतं, पण आधी सांगावं लागतं, कारण न्याहारीचा ‘मस हुनी’ म्हणजे टुना, खोबरं, कांदा आणि मिरची, आणि वाळवलेला टुना नुसत्या दिसण्यावरून ओळखू येत नाही. सगळीकडे सामसूम? माले बघा. देशातली सुमारे ४० टक्के माणसं राजधानीच्या परिसरात राहतात, आणि तिथल्या गल्ल्यांत स्कूटर चुकवत चालताना दादरची आठवण येते. नळाचं पाणी तलावाचं? तलाव कुठले! मालेत समुद्राचं पाणी गोडं करून पुरवतात. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या त्या प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं होतं.

शेवटचा समज आपल्या देशाभिमानी मित्रांचा: ‘त्यापेक्षा लक्षद्वीपला जा, आपलंच आहे, कागदपत्रांची कटकट नाही.’ लक्षद्वीप सुंदर आहे, जरूर जावं. पण तिथे जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि तो निघण्याआधीच हातात असावा लागतो.