तेलाचा थेंब वर येईपर्यंत

डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नईला झोडपून काढले. पूर ओसरला तेव्हा शहराच्या उत्तरेकडील एन्नोर खाडीत मच्छीमारांच्या नावा, जाळी, कांदळवनाची मुळे आणि पेलिकन पक्ष्यांचे पंख यांवर काळा, चिकट थर बसलेला होता. मणली येथील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारातून पावसाच्या पाण्याबरोबर तेल बकिंगहॅम कालव्यात शिरले आणि तेथून खाडीत उतरले, असा ठपका तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठेवला. राष्ट्रीय हरित लवादाने प्रकरणाची दखल घेतली. त्यानंतर देशाने जे दृश्य पाहिले, ते सहजी विसरता येणारे नाही. ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर होती, तेच लोक मग आणि डबे घेऊन खाडीतले तेल उपसत होते.

हे दृश्य नवेही नव्हते. २८ जानेवारी २०१७ रोजी याच किनाऱ्यालगत, कामराजर बंदराबाहेर ‘डॉन कांचीपुरम’ आणि ‘बीडब्ल्यू मेपल’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हाही किनाऱ्यावर बादल्यांच्या रांगा लागल्या होत्या. ज्या देशात तेलशुद्धीकरण कारखाने रोज प्रचंड प्रमाणात तेलकट पाणी स्वच्छ करतात, त्या देशाला ऐन वेळी बादलीच का आठवते? या प्रश्नाचे उत्तर प्रशासनाच्या ढिलाईत शोधता येईल; पण त्याआधी ते तेलाच्या थेंबात शोधावे लागते.

तेल पाण्यावर तरंगते, हे शाळकरी मूलही जाणते. मात्र ते किती वेळात वर येते, हे थेंबाच्या आकारावर ठरते. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमानुसार थेंबाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दीडशे मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा थेंब स्थिर पाण्यात एक मीटर वर यायला साधारण दहा मिनिटे घेतो. तोच थेंब पंधरा मायक्रॉनचा असेल, तर त्याला शंभरपट वेळ लागतो. म्हणजे पंधरा-सोळा तास. त्याहून सूक्ष्म थेंब, विशेषतः साबण वा धुण्याची रसायने मिसळलेली असली तर, जवळजवळ वर येतच नाहीत. पाणी दुधाळ दिसते आणि तसेच राहते. वेगाने फिरणारा पंपही मोठ्या थेंबाचे बारीक थेंब करून हेच संकट ओढवून घेतो. त्यामुळे तेलकट पाणी शक्य तेथे उतारावरून आपोआप वाहू द्यावे, असे जाणकार अभियंते सांगतात.

म्हणूनच तेल गाळण्याची यंत्रणा ही चहाच्या गाळणीसारखी नसते. बरेचसे काम धीराचे असते. पहिल्या टप्प्यात काँक्रीटचे लांबलचक हौद असतात. त्यांतून पाणी अतिशय संथ वाहते, दीडशे मायक्रॉनपर्यंतचे थेंब वर येतात आणि पृष्ठभागावरची साय खरवडून बाजूला काढली जाते. जागा वाचवायची असेल तर हौदात तिरक्या, पन्हाळी पत्र्यांचे थर बसवतात. थेंबाला मग एक मीटर नव्हे, काही सेंटिमीटरच चढावे लागते. पत्र्याला टेकला की तो शेजारच्या थेंबाशी जुळतो आणि उतारावरून वर सरकतो. पुढच्या टप्प्यात तेलाला आकर्षित करणाऱ्या तंतूंच्या गाद्या असतात. त्यांवर सूक्ष्म थेंब चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सुटून तरंगतात. जे थेंब तरीही दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी तुरटीसारखी रसायने घालून, खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडून तेलाला फेसाच्या पाठीवर वर आणले जाते. तेलविहिरींतून तेलासोबत निघणारे पाणी स्वच्छ करण्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा भरडाही वापरतात. अतिसूक्ष्म छिद्रांची पटले असतात ती सर्वांत शेवटी. आधीचे टप्पे नीट झाले नाहीत, तर ती पाहता पाहता तुंबतात.

या साऱ्याला कायद्याची जोड आहे. भारतातील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सांडपाण्यात एका लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नसावे, असे २००८चे मानक सांगते. जहाजाच्या तळाशी साठणारे पाणी समुद्रात सोडताना त्यात दहा लाख भागांमागे १५पेक्षा अधिक भाग तेल असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे वाहून येतात, ते पाहिले की भर समुद्रात हा दंडक किती पाळला जातो, याविषयी शंका मनात येतेच.

पण एन्नोरचा धडा वेगळा आहे. तेथे प्रश्न रोजच्या सांडपाण्याचा नव्हता. विलगीकरणाचा हौद ठराविक प्रवाहासाठी आखलेला असतो. प्रवाह चौपट झाला की पाणी हौदात पूर्वीच्या चतुर्थांश वेळच थांबते. ज्या थेंबाला वर यायला दहा मिनिटे हवीत, त्याला अडीच मिळतात आणि तो पाण्यासोबत बाहेर पडतो. शिवाय आवारात, टाक्यांभोवती, जुन्या गटारांत वर्षानुवर्षे सांडलेले तेल पूर उचलून नेतो, ते हौदापर्यंत पोहोचतही नाही. यावर उपाय आहेत आणि ते यंत्रांइतके आकर्षक नाहीत: स्वच्छ पावसाच्या पाण्याची आणि तेलकट पाण्याची गटारे वेगळी ठेवणे, अतिवृष्टीचे पाणी थोपवून धरणारी मोठी तळी राखणे आणि ती पावसाळ्यापूर्वी रिकामी करणे. तळ्यासाठी जमीन लागते आणि रिकामे तळे पाहून कोणत्याही व्यवस्थापकाला आपला पैसा वाया गेल्यासारखे वाटते. नियमांची तपासणी मात्र बहुधा कोरड्या दिवसांतील नमुन्यांवर होते.

एकदा तेल खाडीत उतरले की गणित उलटते. लाटा आणि गाळ तेलात पाणी मिसळून जाड, तपकिरी लगदा तयार करतात. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असू शकते. अडथळ्याचे तरंगते पट्टे आणि तेल शोषणारी यंत्रे अशा लगद्यापुढे, त्यातही कांदळवनाच्या मुळांत, हतबल होतात. उरते ती बादली. त्या बादलीतला लगदा पिंपांत भरला, तरी तेल आणि पाणी वेगळे करण्याचे काम संपलेले नसते. पिंपे पुन्हा कोणत्या तरी हौदाकडेच न्यावी लागतात. मच्छीमार मात्र तोवर जाळी धूत बसलेला असतो, आणि तेल लागलेल्या जाळीतल्या मासळीला बाजारात गिऱ्हाईक नसते.