विषातली कात्री आणि एक नापास औषध

आपल्याकडे खेड्यापाड्यांत साप चावला असे कुणी चटकन म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. नाव घ्यायलाही जीभ कचरावी, अशी ती भीती आहे आणि ती अनाठायी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे पावसाळ्यातले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. आजार नवा नव्हता, लक्ष नव्याने गेले एवढेच.

मी जीवरसायनशास्त्राचा शिक्षक. सापाचे विष मला दिसते ते रेणूंच्या रूपात. विष म्हणजे एकच पदार्थ असे आपण समजतो, पण ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यातल्या एका प्रथिनाविषयी आज सांगायचे आहे. त्याचे नाव फॉस्फोलायपेज ए-टू. नाव अवघड आहे, काम मात्र सोपे आहे. हे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आणि ते स्निग्ध पदार्थ तोडते.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो मुख्यत्वे फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा बनलेला. या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना आवडत नाही. म्हणून हे रेणू दोन थरांत, शेपटीला शेपटी लावून उभे राहतात आणि पेशीची भिंत तयार होते. आपले हे एन्झाइम कात्रीसारखे येते आणि दोन शेपट्यांपैकी नेमकी एक कापते. उरलेला एकशेपटी रेणू साबणासारखा वागू लागतो. साबण ताटाचा ओशटपणा काढतो ना, तसाच हा रेणू पडदा विस्कटतो. तांबड्या पेशी फुटतात, स्नायू विरघळू लागतात.

गंमत अशी, की ही कात्री सापाची एकट्याची नाही. आपल्या स्वादुपिंडातून ती अन्न पचवायला पाझरते. आपल्या अश्रूंत तिचा एक प्रकार असतो, तो डोळ्यात शिरणाऱ्या जिवाणूंचे पडदे फाडतो. पेशीला इजा झाली की हीच कात्री पडद्यातून ॲराकिडोनिक आम्ल सुटे करते आणि त्यापासून सूज व वेदना निर्माण करणारे पदार्थ बनतात. ॲस्पिरिनची गोळी या साखळीतली पुढची कडी अडवते. सापाने केले ते एवढेच, की घरातले हे अवजार उत्क्रांतीच्या ओघात पाजळून त्याचे शस्त्र केले.

प्रत्येक सापाने ते वेगळ्या तऱ्हेने पाजळले. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका हलका की कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडखळतो. तिच्या विषातली ही कात्री मज्जातंतूंच्या टोकांवर नेम धरते, तिथून स्नायूंना संदेश जाणे बंद पडते. घोणशीच्या विषातही तिचे प्रमाण मोठे, तिथे ती रक्तावर आणि ऊतींवर हल्ला करते.

यावर आपल्याकडे खात्रीचा इलाज एकच, प्रतिसर्पविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी फार पूर्वीपासून जोडलेले आहे. या लसीने असंख्य जीव वाचवले, आजही वाचवते. पण तिच्या मर्यादा आहेत. ती शिरेतूनच द्यावी लागते. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. घोड्याच्या प्रथिनाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून डॉक्टर आणि तयारी दोन्ही हवी. आणि मण्यारीने मज्जातंतूचे टोक एकदा निकामी केले, की नंतर दिलेली लस ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. बांधावर साप चावला, तिथून रुग्णालय गाठेपर्यंत जे तास जातात, त्या तासांत रोग्याच्या हाती काहीच नसते.

ही पोकळी भरण्याचा विचार एका मृत्यूतून पुढे आला. २००१ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की यांना उत्तर म्यानमारच्या जंगलात मण्यारीच्याच जातकुळीतला साप चावला. सहकारी तासन् तास तोंडाने श्वास देत राहिले, मदत पोहोचली नाही आणि ते गेले. पुढे त्याच संस्थेतील डॉक्टर मॅथ्यू लेविन यांनी प्रश्न विचारला, रुग्णालयाबाहेर, खिशात नेता येईल असे काही असू शकेल का?

उत्तर सापडले ते नापास औषधांच्या अडगळीत. व्हॅरेस्प्लॅडिब हे त्याचे नाव. मूळचे ते एली लिली आणि शिओनोगी या कंपन्यांचे, माणसाच्या शरीरातली ही कात्री बोथट करून दाह आटोक्यात आणण्यासाठी बनवलेले. जंतुसंसर्गाच्या गंभीर आजारात आणि संधिवातात ते अपेक्षेला उतरले नाही. मग हृदयविकारासाठी पाच हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी सुरू झाली. २०१२ साली ती मध्येच थांबवावी लागली. फायदा तर नाहीच, उलट औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले.

मग तेच औषध सर्पदंशात कसे चालावे? फरक दोन गोष्टींचा आहे. हृदयासाठी ते सोळा आठवडे द्यायचे होते, इथे थोडेच दिवस. आणि तिथे वार आपल्याच, कामाच्या कात्रीवर होता. इथे तो बाहेरून घुसलेल्या कात्रीवर आहे. २०१६ साली लेविन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की जगभरच्या २८ सापांच्या विषातली ही कात्री व्हॅरेस्प्लॅडिबच्या अत्यल्प मात्रेने बोथट होते. प्रयोगशाळेतले उंदीर आणि डुकरे प्राणघातक विषातून वाचली. शिवाय हा रेणू प्रतिपिंडाच्या तुलनेत शेकडो पटींनी लहान. त्याची तोंडाने घेण्याची गोळी करता येते.

माणसांवरची परीक्षा अधिक कठोर असते. २०२१-२२ मध्ये भारत आणि अमेरिकेत ९५ रुग्णांवर ही गोळी नेहमीच्या उपचारांच्या जोडीने देऊन पाहिली. निष्कर्ष २०२४ साली आले. सगळे रुग्ण एकत्र धरले तर गोळी आणि निरुपद्रवी नकली गोळी यांत ठोस फरक ठरला नाही. मात्र दंशानंतर पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांत सुधारणा अधिक दिसली आणि सुरक्षिततेविषयी चिंतेचे कारण आढळले नाही. याला यश म्हणता येणार नाही, पण आशा म्हणता येईल. पुढच्या मोठ्या चाचण्यांशिवाय त्यावर विसंबू नये.

शिवाय एक कात्री बोथट केली म्हणून सगळे विष संपत नाही. नागाच्या विषातली मज्जातंतूंना लुळे करणारी लहान प्रथिने वेगळी, फुरशाच्या विषात रक्तवाहिन्या फोडणारी एन्झाइम्स प्रबळ. त्यांच्यासाठी मॅरिमास्टॅट या कर्करोगात नापास झालेल्या औषधाचा विचार चालू आहे. दोन्हींची जोडी उंदरांवर चांगली चालली आहे.

जुन्या औषधाला नवे काम देण्याचा वारसा आपल्या कोकणालाही आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले आणि एकेकाळी अनेकांचा मृत्यू ओढवणाऱ्या लाल विंचवाची दहशत मोडली. ते काम झाले ग्रामीण दवाखान्यात, रोग्याच्या उशाशी बसून.

व्हॅरेस्प्लॅडिब अजून चाचणीच्या टप्प्यावर आहे, औषधाच्या दुकानात मागू नका. तोवर करायचे ते साधे आहे. जखम कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टी लावून स्थिर ठेवा, रोग्याला चालवू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. पावसाळ्यात जमिनीऐवजी खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. गोळी येईल तेव्हा येईल. वेळ वाचवणे मात्र आजच आपल्या हातात आहे.