इंजिनाला स्नान नको, पुसणे पुरे

देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या एखाद्या बंगल्यात पावसाळाभर झाडाखाली उभी राहिलेली मोटार दिवाळीच्या सुमारास बाहेर काढली, की बॉनेटखाली निराळेच विश्व दिसते. पुढच्या काचेखालच्या पन्हाळीत कुजलेला पाला, वायरींवर चिकट धूळ, बॅटरीच्या टोकांवर पांढुरके-हिरवट क्षार. ते पाहून हात आपोआप पाण्याच्या नळीकडे जातो. तो तेथेच थांबावा.

आमच्या घरी तो थांबला नाही. एका धुलाई केंद्रावर जोरदार फवाऱ्याने इंजिन धुऊन घेतले. गाडी आरशासारखी चमकली आणि मुंबईला जाताना कसारा घाटाच्या उतारावर, मागे मुले झोपलेली असताना, आचके देत बंद पडली. इंजिन थांबले की ब्रेक आणि सुकाणू दोन्ही जड होतात, हे त्या वळणावर समजले. स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचले होते. धूळ इंजिन वर्षानुवर्षे सोसते. नको त्या जागी शिरलेले पाणी सोसत नाही.

आरंभ करावा तो यतनेने. बॉनेटवर दोन थापा माराव्यात, थोडे थांबावे, मग उघडावे. उबेसाठी मांजरीची पिले, उंदीर, खारी तेथे आसरा घेतात. घरट्यात पिले असतील तर सफाई पुढे ढकलावी. कुरतडलेली वायर दिसली तर मात्र गाडी सुरूच करू नये, वायरमन बोलवावा.

इंजिन पूर्ण थंड हवे. कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. हातातील अंगठ्या आणि कडी आधी उतरवावीत. आपल्याकडे ग्रहांच्या अंगठ्या सहजी निघत नाहीत खऱ्या. पण बॅटरीच्या धन टोकाला पाना लागलेला असताना सोने गाडीच्या धातूला टेकले, तर ते क्षणात तापून बोट भाजते. म्हणून ऋण टोक सर्वांत आधी सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. नंतर घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढेच.

पाला हाताने वेचावा, पन्हाळीचे निचऱ्याचे भोक मोकळे करावे. ते बुजले तर पुढच्या पावसाचे पाणी गाडीच्या आत उतरते. मग कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडावी. ऑल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवा आत घेणारे तोंड प्लास्टिकच्या पिशवीने झाकून, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने उरलेला मळ पुसावा. पट्ट्याला साबण वा तेल लागू देऊ नये. रॉकेल-पेट्रोलचा जुना प्रघात सोडावा. त्याची वाफ पेट घेते, रबर फुगते. हायब्रीड किंवा विजेच्या गाडीतील नारिंगी वायरींना स्पर्शही नको. ते काम वर्कशॉपचे.

कूलंट सांडले असेल तर सर्व कामे बाजूला ठेवून ते आधी टिपून घ्यावे. बहुतेक कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. अंगणातले कुत्रे वा मांजर ते चाटते आणि थोड्याशानेही दगावते. तेलकट फडकी व पाणी झाडांच्या आळ्यात किंवा गटारात टाकू नयेत. येथले सांडपाणी अखेर दारणेकडे, तेथून गोदावरीकडे वाहते.

सारे कोरडे झाल्यावर पिशव्या काढाव्यात, बॅटरी जोडावी. गाडी उघड्यावर पंधरा मिनिटे जागीच चालवून पाहावी आणि मगच घाटाची वाट धरावी.