कल्याणच्या तबकड्या आणि अभिजितची धूळ

घाटकोपर, मुलुंड, ठाणे मागे टाकून लोकल कल्याणला टेकते. या गावाची ओळख जंक्शन म्हणून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, पहिली रेडिओ दुर्बीण इथे होती, हे रोज तिथून जाणाऱ्यांतही फार थोड्यांना ठाऊक असेल.

गोविंद स्वरूप १९६३ मध्ये अमेरिकेहून टीआयएफआरमध्ये आले. ऑस्ट्रेलियाने भारताला दिलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या तेव्हा दिल्लीत पडून होत्या. त्या कल्याणला आणल्या गेल्या. २४ पूर्व-पश्चिम रांगेत ६३० मीटरवर पसरल्या, ८ दक्षिणोत्तर. १९६५ मध्ये ६१० मेगाहर्ट्‌झवर सूर्याचा वेध सुरू झाला. लांब लांब ठेवलेल्या छोट्या तबकड्यांचे संकेत एकत्र करून मोठ्या दुर्बिणीइतकं बारीक पाहायचं, हीच इंटरफेरोमेट्री.

दुसरीकडे, १९८०च्या दशकापासून टीआयएफआरची एक मीटरची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनला लटकून वर जाऊ लागली. हवेतली वाफ दूर-अवरक्त किरणं गिळते, म्हणून हा खटाटोप. ताऱ्यांच्या जन्मस्थळांतली धूळ तिने मोजली. पण २०० मायक्रॉनच्या लहरीला एक मीटरचा आरसा एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आसपासचाच तपशील वेगळा करू शकतो.

ताऱ्याला चिकटलेली धूळ आकाशात त्याहून कितीतरी लहान जागेत मावते. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला अभिजित (व्हेगा) ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रकाश आला, तो बाहेरच्या थंड धुळीचा. आतली तप्त धूळ सापडायला २००६ उजाडलं. माउंट विल्सनवरच्या ‘चारा’ या दुर्बिणींच्या संचाने दोन दुर्बिणींचा प्रकाश एकमेकांत मिसळला. असा प्रकाश मिसळला की उजळ-काळे पट्टे उमटतात. नुसत्या ताऱ्याचे पट्टे जितके ठसठशीत दिसायला हवेत, त्याहून किंचित फिके पडले. त्या फिकेपणावरून हिशेब निघाला: २ मायक्रॉनच्या आसपास धुळीचा उजेड ताऱ्याच्या सुमारे १.३ टक्के!

धूळ आणि इंटरफेरोमेट्री, दोन्ही मुंबईकरांच्या हाताखालून गेल्या. एकत्र मात्र आल्या नाहीत. कारण साधं आहे. कल्याणला पकडलेली लहर जवळपास अर्धा मीटर लांब होती. ‘चारा’ने पकडलेली अवरक्त लहर तिच्या दोन लाखाव्या हिश्श्याहूनही लहान. दोन दुर्बिणींतून आलेल्या प्रकाशाच्या वाटा मायक्रॉनच्या हिशेबात जुळवायच्या, तर आरसे, बोगदे आणि पैसा वेगळाच लागतो. आपण रेडिओ धरला आणि खोडदच्या परिसरात ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. माझ्या मते, खिशाकडे पाहून केलेली ती शहाणी निवड होती.