हुकूम कुठला, कलम कुठलं?

युद्ध सुरू झालं की बोलण्याचा हक्क आपोआप थांबतो, असं बरेच जण धरून चालतात. तुळजापूर तालुक्याचा अनुभव वेगळा आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज निजामाविरुद्ध सोलापूरकडून या तालुक्यातल्या नळदुर्गात शिरली. त्याआधी कितीतरी वर्षं निजामी राज्यात साधी सभा घ्यायची तरी ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या हुकुमाखाली परवानगी लागे, लढाई असो वा नसो. बंदीला लढाई लागत नाही, हुकूम लागतो. राज्यघटनेतही तसंच आहे. राष्ट्रपतींनी कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर केली, तरच बोलण्याच्या हक्काला असलेलं कलम १९ चं संरक्षण उठतं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर तेही फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणावरून. कारगिलच्या वेळी अशी घोषणा झाली नव्हती, ऑपरेशन सिंदूरच्या वेळीही नाही. म्हणूनच २०२५ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरापायी पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला अटक झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं आणि तिला परीक्षेसाठी सोडायला लावलं.

बरं, घोषणा झाली तर सरकारला मोकळं रान मिळतं का? चीनशी लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी मात्र २६ ऑक्टोबर १९६२ पासून १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. त्या काळात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. त्याचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या तेवढ्याच सवलती; पुस्तक छापणं त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये हे उलटवलं: नियम ही सवलतींची यादी नसून बंधनांची आहे, आणि ज्याची मनाई त्यात नाही ते सरकारला अडवता येणार नाही. (अणूचं पुस्तक म्हटल्यावर कुणी दचकलं असेल, पण त्यात देशाला धोका असल्याचा सरकारचाही दावा नव्हता.)

मग फौजेच्या हालचाली जगजाहीर करायच्या का, असा प्रश्न येतोच. नाही, पण त्यासाठी कलम १९(२) आणि १९२३ चा गोपनीयतेचा कायदा शांततेतही लागू असतात. न्यायालयं कचरतात, हा आक्षेप जास्त खरा. १९७६ मध्ये स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्कच नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. आणीबाणीतही कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, शाबूत ठेवणारी दुरुस्ती त्यानंतरची. मुदतीवरही नजर हवी. डिसेंबर १९७१ चं युद्ध दोन आठवड्यांत संपलं. त्यासाठी जाहीर झालेली आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये.